गाडी तापते, पण नेमकी कधी?

जुनी जीप तापायला लागली की पहिला फोन मेकॅनिकला जातो आणि पहिला खर्च रेडिएटरवर होतो. रेडिएटर उतरवला, रॉडिंग केलं, परत चढवला. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी देवळीच्या रस्त्यावर काटा पुन्हा लाल पट्ट्यात. मग वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलायची, मग पट्टा. मग कुणीतरी सांगतं, 'थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाका न भाऊ, आपल्याकडं थंडी पडतेच कुठं!' तोही निघतो. खिसा रिकामा होतो, दुखणं जागच्या जागी राहतं. कारण गाडी तापते ती नेमकी कधी, हे कुणी विचारलेलंच नसतं.

वर्धा जिल्ह्यातल्या नाचणगाव-पुलगावच्या पट्ट्यात जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांचं कुणाला नवल नाही. शेजारी लष्कराचा दारूगोळा डेपो, भोवती काळी माती, पावसाळ्यात शेतापर्यंत जायचं तर चारही चाकं ओढणारी गाडी हाताशी असलेली बरी. कुणाकडे महिंद्राची एमएम ५४०, कुणाकडे मेजर नाहीतर कमांडर, एखाद्याकडे हौसेने जपलेली जिप्सी. या गाड्या दणकट आहेत, पण त्यांचं वय झालंय. त्यात आपल्याकडचा मे महिना.

मे महिन्याचा हिशेब आधी समजून घेऊ. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती पाण्याच्या आणि हवेच्या तापमानातल्या फरकावर. इंजिनातलं पाणी ९० अंशांवर आहे आणि बाहेर डिसेंबरातली २५ अंशांची दुपार आहे, तर फरक ६५ अंशांचा. मे महिन्यात पारा ४६ वर गेला की तोच फरक ४४ वर येतो. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, तरी उष्णता टाकण्याची ताकद जवळपास एक तृतीयांशाने घटली. शिवाय डांबरावरून उठणारी हवा पेपरात छापलेल्या तापमानापेक्षा गरम असते, ते वेगळंच. हिवाळ्यात जी गाडी कुरकुर न करता चालते ती अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तापायला लागते, याचा अर्थ बिघाड आत्ताच झाला असा नाही. तो आधीपासून होता, थंडीने झाकून ठेवला होता.

तेव्हा कोणताही नट खोलण्याआधी एक वही घ्या आणि दोन-चार दिवस गाडी तापली की लिहा: वेग किती होता, गिअर कोणता, चढ की सपाट, गाडीत किती माणसं, एसी सुरू की बंद, गाडी सुरू करून किती वेळ झाला होता. ही नोंद मेकॅनिकला दाखवलीत तर त्याचं अर्धं काम होतं. चांगला मेकॅनिक ती वाचेल. न वाचता पाना उचलणाऱ्याकडे जुनी गाडी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याही आधी काटा खरं बोलतो का ते बघा. जुन्या जीपचा टेम्परेचर मीटर, त्याचा सेंडर आणि विशेषतः अर्थिंगची वायर, तिन्ही गोष्टी दगा देतात. हेडलाइट लावल्याबरोबर काटा वर सरकत असेल तर दोष अर्थिंगमध्ये शोधा, पाण्यात नाही. काटा टुणकन लाल पट्ट्यात उडी मारून परत येत असेल तर सेंडरची जोडणी सैल आहे किंवा आत हवा अडकली आहे. खात्री करायला इन्फ्रारेड थर्मामीटर कामाला येतो. पण कोरोनाकाळात कपाळावर धरायला घेतलेली ती बंदूक नव्हे. तिची झेप बहुधा तापाच्या आकड्यांपुरतीच असते. गॅरेजकामाचा वेगळा घ्या आणि थर्मोस्टॅटच्या घरावर, म्हणजे वरचा होज पाइप इंजिनाला जिथे लागतो तिथे धरा. चकचकीत धातूवर तो कमी तापमान दाखवतो, म्हणून तेवढ्या जागी काळ्या रंगाचा ठिपका द्या.

काट्याचा एक खोटेपणा मात्र जीवघेणा आहे. पाणी पार निघून गेलं की सेंडर कोरडा पडतो, आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. तापलेल्या गाडीचा काटा काही कारण नसताना अचानक उतरला तर 'झाली बुवा थंड' म्हणून पुढे जाऊ नका. तिथेच थांबा.

आता 'कधी' या प्रश्नाकडे येऊ.

गाडी उभी असताना किंवा रांगत चालली असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर सुटली की उतरते, तर संशय हवेवर घ्यायचा. कापसाच्या हंगामात पुलगावच्या बाजारात गाड्यांच्या रांगेमागे अडकलात की हा प्रकार लगेच कळतो. चालत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्याने ओढून घ्यावा लागतो. म्हणून आधी पट्टा: दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. त्याहून सैल असेल, कडा चकाकत असतील, तर तो घसरतो आहे. पट्टा ठीक असेल तर पंख्याभोवतीचं काउल बघा. जुन्या जीपमध्ये निम्म्या वेळा ते नसतंच. कधीतरी इंजिन उतरवताना काढलेलं असतं, परत लावायचं राहून गेलेलं असतं, आणि आता ते घराच्या माळ्यावर किंवा भंगारात असतं. काउल नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी स्वतःभोवतीचीच गरम हवा घुसळत बसतो. ज्यांनी मूळ इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं बसवलंय त्यांच्याकडे तर हे हमखास: पंखा रेडिएटरपासून वीतभर लांब, मध्ये सगळं मोकळं. तिथे नवा रेडिएटर घालून उपयोग नाही. पत्रेवाल्याकडून काउल बनवून घ्या. पंख्याच्या पात्याची रुंदी साधारण निम्मी आत, निम्मी बाहेर राहील असं. पंखा कधी उलटा बसवला गेलाय का तेही बघा. हसू नका, असं होतं.

जुन्या जीपला पंखा सरळ पुलीवर बसवलेला असतो. तो इंजिनाबरोबर फिरतोच. काही गाड्यांना मात्र व्हिस्कस कपलिंग असतं. आत सिलिकॉनचं घट्ट तेल असतं आणि गरमी वाढली की ते पंख्याला पकडतं. इंजिन चांगलं गरम असताना गाडी बंद करा, किल्ली खिशात घाला आणि हाताने पंखा फिरवा. तो सैलपणे गरगर फिरला तर कपलिंग संपलंय. त्याच्या तोंडाशी तेलाचा चिकट डाग आणि त्यावर धूळ दिसली तर संशयाला जागाच नाही.

आपल्या भागाची खरी गंमत रेडिएटरच्या बाहेर आहे. कापसाची रुई हवेत तरंगत येते आणि जाळीच्या पापड्यांत जाऊन बसते. तिच्यावर सोयाबीनच्या मळणीचा भुसा, तुरीची टरफलं, किडे, आणि त्यावर ऑइलचा एखादा फवारा. या सगळ्याचा नमदा तयार होतो. समोरून बघाल तर जाळी स्वच्छ दिसते, कारण नमदा आत असतो. एसी बसवलेल्या गाडीत तर समोर कंडेन्सर आणि मागे रेडिएटर; कचरा नेमका दोघांच्या फटीत, जिथे ना डोळा पोचतो ना ब्रश. रात्री अंधारात इंजिनच्या बाजूने टॉर्च लावा आणि समोरून बघा. जिथून उजेड येत नाही तिथून हवाही जात नाही. पावसाळ्यानंतर खालचा अर्धा भाग काळ्या मातीने लिंपलेला सापडतो. शेतातून गाडी काढताना उडालेला चिखल तिथे भाजून विटेसारखा होतो.

हा सगळा कचरा काढायचा तर सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गनने समोरून मारा करू नका. कचरा आणखी आत ठासला जातो आणि पापड्या आडव्या होतात. शक्य तर कंडेन्सरचे बोल्ट सैल करून तो थोडा पुढे घ्या, गॅसचे पाइप न खोलता जेवढा येईल तेवढा. मग इंजिनच्या बाजूने, म्हणजे हवा ज्या दिशेने वाहते तिच्या उलट, साध्या नळीचं पाणी सोडा. आधी साबणाचं पाणी फवारून अर्धा तास ठेवलंत तर ऑइल सुटतं. पहिल्यांदा काळं पाणी, मग रुईची लडी, मग भुसा बाहेर येतो. वाकलेल्या पापड्या टोकदार नसलेल्या पट्टीने सावकाश सरळ करा. कापूस वेचणी संपली की एकदा आणि उन्हाळा लागण्याआधी एकदा, वर्षातून दोनदा हे काम करायला काही लागत नाही. पुष्कळ गाड्यांचं 'तापणं' एवढ्यावरच संपतं.

आता दुसरा प्रकार. गाडी गावात ठीक, पण मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की अर्ध्या तासात काटा चढायला लागतो. इथे वारा भरपूर आहे, तेव्हा दोष पाण्याच्या फिरण्यात. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या असतील, पंपाची पाती झिजली असतील, किंवा खालचा होज पाइप चिमटत असेल. हा शेवटचा दोष फार जणांना माहीत नसतो. खालच्या पाइपातून पंप पाणी ओढतो. पाइप मऊ पडला असेल, त्यातली स्प्रिंग गंजून गेली असेल, तर इंजिनाचा वेग वाढला की तो आत खेचला जाऊन चपटा होतो. गाडी उभी करून बघायला जाल तोवर पुन्हा गोल! म्हणून बॉनेट उघडं ठेवून दुसऱ्याला ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि तुम्ही पाइपाकडे लक्ष ठेवा.

नळ्या बुजल्यात का हे थर्मामीटर सांगतो. इंजिन नीट गरम झाल्यावर ते बंद करून रेडिएटरच्या अंगावर ठिकठिकाणी मोजा. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे तापमान सारखं उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही.

नळ्या बुजण्याचं कारण बहुतेक वेळा बोअरचं पाणी असतं. ज्या पाण्याने घरच्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तेच पाणी आपण बिनधास्त गाडीत ओततो. तो थर इंजिनच्या आतही चढतो, सिलिंडरच्या बाहेरून, आणि तिथे तो उष्णतेला पाण्यापर्यंत पोचूच देत नाही. पितळी रेडिएटर असेल तर रॉडिंग करता येतं. वरची टाकी डाग काढून उघडतात आणि नळ्यांत पट्टी घालून साफ करतात. ॲल्युमिनियमचा असेल तर ते होत नाही, बदलावाच लागतो. इंजिनच्या आतला थर काढायला सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण चालतं, पण नंतर स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं पाहिजे. संडास साफ करायचं ॲसिड काही ठिकाणी सर्रास वापरतात. ते थर काढतं आणि थराबरोबर धातूही खातं. ॲल्युमिनियमच्या हेडला तर ते लावूच नका.

पुढे भरताना कूलंट आणि बॅटरीत घालतात ते मिनरल काढलेलं पाणी, निम्मं-निम्मं. 'आपल्याकडे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला' हा युक्तिवाद मी पुष्कळ ऐकलाय. कूलंटचं आपल्याकडचं काम गंज रोखणं आणि उकळण्याचा बिंदू वर नेणं हे आहे. निम्म्या मिश्रणाचा उकळबिंदू रेडिएटरचं दाब धरणारं झाकण नसतानाही १०७ अंशांच्या आसपास जातो. एक काळजी मात्र घ्या: काढलेलं कूलंट अंगणात किंवा गोठ्याजवळ सांडू नका. चवीला ते गोड असतं, जनावरं आणि कुत्री चाटतात, आणि ते विषारी आहे.

वेगाबद्दल थोडं. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला आणि जुन्या जीपवाल्यांनाही त्याचा मोह पडला. जीप म्हणजे पेटी. तिला हवा कापता येत नाही. वेग ६० वरून ९० वर नेला की फक्त हवा बाजूला सारण्यासाठी लागणारी ताकद तिपटीहून जास्त होते. त्याबरोबर उष्णताही वाढते. त्यात जुन्या प्यूजो बनावटीच्या डिझेल इंजिनात इंधन आधी हेडमधल्या छोट्या कोठडीत पेटतं, त्यामुळे पाण्याकडे जाणारी उष्णता थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या डीआय इंजिनापेक्षा मुळातच जास्त असते. तेव्हा ९० वर तासभर चालवल्यावर काटा थोडा चढला तर तो बिघाड समजू नका. गाडीची ती मर्यादा आहे. ७० वर या आणि काटा उतरतो का ते बघा.

फक्त चढावर तापणं हा तिसरा प्रकार. सपाट वर्धा जिल्ह्यात तो कळतच नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायला लागलं की कळतो. खालच्या गिअरला वेग कमी, वारा कमी, जोर जास्त. शिवाय चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे आणि तिथे साधं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. घाटात चौथ्या गिअरमध्ये इंजिन कुंथवत नेणारे लोक इथे अडकतात. गिअर खाली टाका, इंजिन मोकळं फिरू द्या. पंखा आणि पंप दोन्ही त्याच्याच जोरावर फिरतात.

हेच फोर व्हील ड्राइव्हला जास्त लागू आहे. चिखलात हाय रेंजमध्ये दुसऱ्या गिअरवर क्लच जाळत गाडी काढण्यापेक्षा सरळ लो रेंज टाका. चाकं सावकाश फिरतात, इंजिन वेगात फिरतं आणि थंडही राहतं. उलट कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील घालून जाणं ही गाडीशी दुश्मनी आहे. या गाड्यांना मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापू बघतात आणि सगळी यंत्रणा पिळवटून निघते. लिव्हर अडकून गाडी अर्धवट फोर व्हीलमध्येच राहिलेली असते आणि मालकाला पत्ताही नसतो, असंही होतं. चाकांचे ब्रेकही तपासा. चिखल वाळून ब्रेक चिकटून राहिले तर इंजिन दिवसभर ब्रेकशी कुस्ती खेळत असतं. दहा-पंधरा किलोमीटर ब्रेक फारसा न लावता चालवा, थांबा, आणि चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका. एखादं चाक भाजत असेल तर इंजिनाकडे नंतर बघू. मोठाले टायर, पुढे लावलेला जाडजूड गार्ड, त्यावर चार दिवे आणि नावाची पाटी, याने रुबाब वाढतो आणि रेडिएटरचा वारा घटतो.

घाटातच उघडे पडणारे आणखी काही दोष पाण्याशी संबंधित नसतात. डिझेल पंपाचं टायमिंग मागे सरकलेलं, जास्त ओढ मिळावी म्हणून पंप वाढवून घेतलेला, धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर, आतून ढासळलेला सायलेन्सर. काळा धूर आणि तापणं बरोबर येत असेल तर रेडिएटरला हात लावण्याआधी हे बघून घ्या.

चौथा प्रकार म्हणजे सकाळी गाडी सुरू केली आणि पाच-सात मिनिटांत काटा वर. एवढ्या लवकर रेडिएटर काही बिघडवू शकत नाही. एकतर पाणी नाही, किंवा हवा अडकली आहे, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, किंवा हेड गॅसकेट गेली आहे. वरचा होज पाइप हाताने चाचपा. इंजिन तापलंय आणि पाइप थंडगार, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये. तो काढून भांड्यातल्या पाण्यात दोरीने लटकवा, पाणी तापवा आणि थर्मामीटरने बघा. उघडण्याचं तापमान त्याच्यावरच कोरलेलं असतं, बहुधा ८० ते ८८ च्या दरम्यान. त्या सुमारास तो उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे.

नाही उघडला तर नवा घाला. काढून टाकून गाडी चालवू नका. या बाबतीत मी आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजांशी सहमत नाही. थर्मोस्टॅट फक्त थंडीसाठी नसतो. पुष्कळ इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न भेटता त्याच वाटेने परत इंजिनात जातं आणि ऐन जोराच्या वेळी गाडी जास्त तापते. हिवाळ्यात उलट. इंजिन कधी पुरतं तापतच नाही, डिझेल अर्धवट जळतं, ऑइल खराब होतं, सिलिंडर लवकर झिजतात.

हेड गॅसकेटची लक्षणं ओळखता आली पाहिजेत, कारण इथेच मोठा खर्च असतो आणि फसवणूकही. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून गाडी सुरू करा. टाकीत बुडबुडे सतत येत राहिले, ॲक्सिलरेटर दिला की पाणी उसळलं; किंवा झाकण लावून सुरू केल्यावर दोन मिनिटांत, इंजिन अजून कोमट असतानाच वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. गळती कुठेच दिसत नाही आणि पाणी रोज कमी होतं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, डिपस्टिकवर दुधाळ तपकिरी साय दिसते, ही पुढची लक्षणं. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी मिळते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात. त्यात जळलेला वायू असेल तर निळा रंग पिवळा पडतो. ही चाचणी न करता कुणी 'हेड उतरवावं लागेल' म्हणाला तर आधी ती करून द्यायला सांगा.

आणि हेड उतरवलंच तर फक्त नवी गॅसकेट घालून परत बसवू देऊ नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज घालून बघायचं; वाकलं असेल तर फेसिंग करायचं. तडे गेलेत का, तेही दाब देऊन तपासायचं. जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनात तर हेड आणि ब्लॉक दोन्ही ॲल्युमिनियमचे. ते एकदा मर्यादेबाहेर तापलं की सरळ राहीलच याची खात्री नाही.

एक छोटी वस्तू राहिली, आणि तिच्यावाचून वरचं सगळं व्यर्थ जातं: रेडिएटरचं झाकण. ते पाण्यावर दाब ठेवतं. दर एक पौंड दाबाला उकळण्याचा बिंदू दीड अंशाहून थोडा जास्त वर जातो. झाकणाच्या आत दोन रबरं असतात. मोठं दाब धरतं. मधली छोटी तबकडी गाडी थंड होताना रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं पाणी परत आत येऊ देते. मोठं रबर तडकलं की पाणी वेळेआधी उकळून बाहेर पडतं; छोटी तबकडी अडकली की थंड झाल्यावर वरचा पाइप आत खेचून चपटा होतो. थंड गाडीचा वरचा पाइप चपटा दिसला तर झाकण बदला, पाइप नाही. बदलताना जुन्यावर लिहिलेलाच दाबाचा आकडा घ्या. जुन्या जीपच्या पितळी रेडिएटरला कमी दाबाचं झाकण असतं. दुकानात मिळालं म्हणून नव्या गाडीचं जास्त दाबाचं बसवलंत तर टाकीचे डाग उकलतात.

गाडी रस्त्यात तापली तर एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण उघडा. तो म्हणजे छोटा रेडिएटरच. सावली बघून थांबा. वाफ येत नसेल आणि पाणी जागेवर असेल तर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर १,२०० ते १,५०० च्या फेऱ्यांवर चालू ठेवा, काटा उतरतो का बघा. वाफ येत असेल, पाणी सांडत असेल, तर तत्काळ बंद. बॉनेट उघडा आणि झाकणाला हात लावू नका. पाऊण तास तरी थांबा. मग जाड ओलं फडकं घेऊन झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुस्स थांबू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात बाटलीतलं थंड पाणी ओतणं हा हेडला तडा पाडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. ओतायचंच असेल तर इंजिन हाताला सोसेल इतकं निवल्यावर, सावकाश.

काम झाल्यावर पाणी भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, म्हणजे हवा वर सरकून बाहेर पडते. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, वरचा पाइप मधून मधून दाबत राहा, पातळी खाली गेली की भरा. इंजिनवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून बुडबुडे संपेपर्यंत पाणी येऊ द्या. मग दुपारच्या वेळीच नाचणगावहून देवळीपर्यंत जाऊन या. जाताना ६० चा वेग, येताना गाडीत माणसं बसवून. परत आल्यावर पाच मिनिटं उभी ठेवून इंजिन चालू ठेवा. त्या दिवशी झाकण उघडू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी उघडा आणि पाणी मानेपर्यंत आहे का बघा. बोटभर कमी असेल तर ती राहिलेली हवा असते, भरून घ्या. तिसऱ्या दिवशीही कमी झालं तर गळती शोधायची. पंपाखालच्या छोट्या छिद्रापासून सुरुवात करा, तिथे वाळलेल्या कूलंटची रंगीत रेघ असते.